साहेबाच्या देवळामागचे ऐन

खैराच्या पाड्यावर काशीच्या दारावरून जाणारा माणूस मान खाली घालूनच जातो. वर बघितलं की ती विचारणार, "काय रे, माझ्या दारात तमाशा लागलाय का?" नाही बघितलं तर, "मान मोडली का रे तुझी? म्हातारीला हाक मारायला तोंड नाय?" म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. उंबरमाळी स्टेशनाला उतरून टेकडी चढणाऱ्या नव्या नर्सबाईला लोक आधी हेच सांगतात: तिसरं घर काशीचं, तिथे पाणी मागा, गुपचूप प्या आणि चालू पडा. पाणी ती कुणाला नाकारत नाही, हेही सांगायला हवं. शिव्यांबरोबर देते, एवढंच.

सापगावला तिच्या माहेरची माणसं म्हणतात, लहानपणी पोर फार हसरी होती. असेल बापडी. पाड्यावर कुणी बघितलेली नाही.

सतराव्या वर्षी ती धाऊला दिली. माहेरी सपाट खाचरं, गुडघाभर चिखल, भाताला भात. इथे येऊन बघते तर सगळा उतार आणि दगड. धाऊच्या नावावर भाताचं एक टीचभर खाचर. खरं पोट चालायचं ते साहेबाच्या देवळामागच्या दोन एकरांवर. ती जमीन कागदावर जंगलखात्याची, पण धाऊचा आजा तिथे नाचणी काढायचा, बाप वरई काढायचा, आणि काशी आल्यावर दोघांनी मिळून वेचलेल्या दगडांचे बांध घातले. काशीच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. त्यांतलं एक तिथल्याच एका धोंड्याखाली चेंगरलं होतं. धाऊ बिचारा देवमाणूस. कुणाला उलटून बोलायचा नाही, कुणाला नाही म्हणायचा नाही. "घरात एकानं तरी भांडाया नको?" असं काशी म्हणायची आणि त्याच्या वाटणीचंही भांडून घ्यायची.

साहेबाचं देऊळ म्हणजे चर्च. कसाऱ्याचा घाट फोडायला गोरे साहेब आले तेव्हा त्यांनी रविवारच्या प्रार्थनेसाठी बांधलं, असं पाड्यावरचे म्हातारे सांगायचे. साहेब गेले, पाद्री गेला, घंटा गेली, मग एकेक करून कौलं गेली. राहिल्या चार दगडी भिंती आणि पुढची कमान. पाड्यानं तिथे कधी वावगं काही केलं नाही. कुणी आत पेंढा ठेवायचा, गुरं सावलीला बसायची. पण आत चप्पल घालून कुणी गेला की काशी ओरडायची. कुणाचा का असेना, देव तो देव.

दोन हजार चार सालच्या मे महिन्यात तिथे एक चितारी आला. मनोज त्याचं नाव. भिवंडीकडचा, शेतकऱ्याच्याच घरचा, पण बापजाद्यांच्या शेतांवर गोदामं उभी राहिलेली आणि ह्याच्या हातात रंग. तीन आठवडे तो काशीच्या कडेच्या बांधावर बसला, देऊळ आणि त्यामागचा उतार दोन्ही दिसतील असा. तिच्या मडक्यातलं पाणी प्यायला, तिच्या हातची नाचणीची भाकर खाल्ली, धाऊला "काका काका" करत पडक्या देवळाचं चित्र काढलं आणि गेला. परत म्हणून तोंड दाखवलं नाही.

इथवर ठीक होतं. चितारी येतात आणि जातात. पण जंगलजमिनीचा कायदा आला आणि कागदांचा खेळ सुरू झाला. दोन हजार पाचच्या डिसेंबराआधीपासून जमीन कसत असाल तर पुरावा दाखवा, पट्टा घ्या. धाऊनं दावा टाकला, वर्षानुवर्षं हेलपाटे घातले, आणि सहा वर्षांमागे कावीळ होऊन गेला. मग काशी घालायला लागली. तिचा पुतण्या हरेश गावच्या वनहक्क समितीचा अध्यक्ष, त्यानं तीन पिढ्या इथे राहिल्याचे कागद कसेबसे जमवले. पण गेल्या नोव्हेंबरात वरून उत्तर आलं: जमीन कसल्याचा पुरावा अपुरा, दावा नामंजूर. अपिलाला साठ दिवस. त्यानंतर जंगलखातं तिथे तारेचं कुंपण घालणार आणि झाडांसाठी खड्डे मारणार.

लेक नम्रता भातसानगरला दिलेली. ती म्हणाली, "आये, सोड ना आता. माझ्याकडं ये. काय कमी हाय?"

"जावयाच्या दारात बसून भाकर मोडू?" काशी म्हणाली. "त्यापरास त्या खड्ड्यात मलाच पुरा."

साठांतले पंचेचाळीस दिवस उलटले, तेव्हा हरेश मोबाइल नाचवत आला. मुंबईच्या एका मोठ्या वस्तुसंग्रहालयानं म्हणे एक चित्र विकत घेतलं होतं. आपल्या साहेबाच्या देवळाचं. चित्राला काचेची पेटी, थंड हवेची खोली, दाराशी पहारेकरी. आणि संग्रहालयवाले येत्या रविवारी पाड्यावर येऊन चित्राची मोठी नक्कल गावाला भेट देणार होते.

"चित्राला थंड हवा," काशी म्हणाली, "आणि खऱ्या देवळावर एक ताडपत्री नाय. अकलेचे कांदे मेले!" मग एकदम तिच्या ध्यानात आलं. "हऱ्या, तो चितारी येणार काय रे?"

"येणार. पाहुणा म्हणून."

"तो बसलेला माझ्या बांधावर. दोन हजार चारात. तो सांगेल ना, शेत व्हतं म्हणून!"

हरेशच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. वीस वर्षांपूर्वीचा साक्षीदार, तोही बाहेरचा, शिकलेला, नावाजलेला. त्यानं जबाब लिहून दिला तर अपिलाला बळ येणार. काशीनं त्या आठवड्यात कुणाला शिवी दिली नाही, आणि पाड्यावरच्या लोकांना वाटलं म्हातारी आजारी पडली.

रविवारी देवळापुढे मांडव पडला. खुर्च्या आल्या, माइक आला, दोन बांबूंना ताणून बांधलेला ट्रकच्या फाळक्याएवढा फ्लेक्स आला आणि त्यावर पिवळा पडदा. संग्रहालयाच्या रुचिता मॅडम आल्या. चितारी आला, केस पिकलेले, गळ्यात उपरणं. आणि पहिल्या रांगेत येऊन बसला वनपाल सुनिल. काशीच्या शेताची पाहणी करून 'पुरावा आढळला नाही' असं लिहिणारा हाच. मुरबाडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, पण खाकी चढली की माणूस बदलतो, असं काशीचं मत. तसं ती त्याच्या तोंडावरही बोलली होती.

कार्यक्रमाच्या आधीच काशी चितारीसमोर जाऊन उभी राहिली. "वळखलंस का रे?"

तो हसला. "मावशी! कशा आहात? काका कुठे?"

"मेले," काशी म्हणाली. "तू आमच्या बांधावर बसून चित्र काढलंस. आमचं शेत व्हतं तिथं, ते मला कागदावर लिहून दे."

चितारीनं सुनिलकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं. "शेत म्हणजे... तसं काही आता आठवत नाही, मावशी. वीस वर्षं झाली. मी आपला चर्च बघत होतो." आणि कुणीतरी हाक मारल्यासारखा पलीकडे सटकला. कुणी हाक मारली नव्हती.

मग माइकवर भाषणं. रुचिता मॅडमनं संग्रहालयाच्या पुस्तिकेतून वाचून दाखवलं, की ह्या चित्रात एक विस्मरणात गेलेलं, माणसानं टाकून दिलेलं चर्च आहे आणि चित्रकारानं मनाची एकही रेघ न घालता एकेक दगड, एकेक झाड जसंच्या तसं टिपलंय. आमच्यासाठी हे चित्र नाही, दस्तऐवज आहे, असंही त्या म्हणाल्या. चितारी उठला आणि त्यानं वर कळस चढवला. "मी आलो तेव्हा इथे चिटपाखरू नव्हतं. माणसाचा मागमूस नव्हता. फक्त हे चर्च आणि त्याला गिळणारं जंगल. जे होतं तेच मी काढलं."

पहिल्या रांगेत सुनिल वनपालानं मान डोलवली. काशीनं ती डोललेली मान बघितली. शत्रूला आयता साक्षीदार मिळाला होता, आणि त्याला भाकर तिनंच घातली होती.

पडदा ओढला. टाळ्या पडल्या. काशीनं फ्लेक्सवर आधी शोधला तो माळा. पिकाची राखण करायला धाऊनं चार दांडक्यांवर बांधलेला. चित्रात माळा नव्हता. शेताभोवतीची काट्याची वई नव्हती. असणार कशी? "काका, ते मधे येतंय," असं हा चितारी म्हणाला होता, आणि धाऊनं, त्या देवमाणसानं, दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या हातानं माळा सोडला होता आणि वई ओढून बाजूला टाकली होती. "दोन दिसांत परत बांधतो गो, एवढं काय," म्हणाला होता. काशीनं त्याला त्या दिवशी जेवायला वाढलं नव्हतं. म्हणजे चित्रापुरतं चितारी खोटंही बोलत नव्हता. जे होतं तेच त्यानं काढलं होतं. जे होतं ते आधी काढून टाकायला लावून.

तिला इतका संताप आला की ती फ्लेक्स फाडायलाच उठली होती. हरेशनं तिचा दंड धरला. "काकी, नको. लोक बघतायत."

"बघू देत! मेल्यांनो, जळो तुमची चित्रं!" असं म्हणत ती फ्लेक्सपाशी गेली, कोपऱ्याला हात घातला, आणि हात तिथेच थांबला. फ्लेक्सच्या चार बोटं जवळ डोळे नेऊन ती देवळाच्या मागची झाडं बघायला लागली. एक, दोन, तीन. बोटानं मोजली. नऊ. झाडांच्या खाली, पिवळ्या गवतात, एक काळा चौकोन.

मग ती वळली. आवाज इतका शांत, की पाड्यावरची माणसं घाबरली.

"चितारी, ही झाडं कसली रे?"

"ती मागची? मरायला टेकलेली झाडं, मावशी. चर्चसारखीच. म्हणून तर मी घेतली."

आधी पाड्यावरची बाईजा म्हातारी हसली. मग तिच्या मागच्या बाया. मग अख्खा पाडा हसायला लागला, आणि मुंबईची पाहुणेमंडळी एकमेकांची तोंडं बघायला लागली.

हसू यायचं कारण असं. आमच्या शहापूर-मुरबाडात रोपासाठी बी पेरायच्या आधी तेवढी जमीन भाजतात. त्याला राब म्हणतात. हिवाळ्यात ऐनाच्या झाडावर चढून डहाळ्या, म्हणजे कवळ, तोडायच्या, त्यांच्या मोळ्या वाळवायच्या, शेणाचा थर देऊन त्यावर पसरायच्या, वर पाचोळा आणि माती, आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायच्या. कवळ तोडलेलं ऐनाचं झाड उन्हाळ्यात उघडंबोडकं दिसतं, अंगाला फांदी नाही आणि शेंड्याला तेवढा पालवीचा झुबका. शहरातल्या माणसाला वाटतं झाड मेलं. आमच्याकडची शेंबडी पोरंही सांगतील, की बोडका ऐन जिथे आहे तिथे कुणीतरी शेत करतोय.

"मेलेली नाय ती, भाड्या," काशी म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं कवळ तोडलेले ऐन ते. नऊच्या नऊ. आणि हा काळा डाग काय?"

"जळलेलं गवत असेल. वणवा लागतो ना..."

"वणवा चौकोनी लागतो व्हय रे? चार कोपरे करून? तुझ्या आज्यानं भिवंडीला राब नाय भाजला कधी? का त्याच्या आधीच गोदामं व्हती?"

काशी सुनिलकडे वळली. "तू मुरबाडचा ना रे? तुझा बाप काय करतो उन्हाळ्यात? सांग सगळ्यांना. हे काय हाय ते तू सांग."

सुनिल वनपाल उठून फ्लेक्सजवळ आला. त्यानं झाडं बघितली, चौकोन बघितला. त्याच्या तोंडावरून कळत होतं की त्याला कळलंय. पण खाकी ती खाकी. तो हळूच म्हणाला, "काकी, जंगलातली झाडं छाटायची, आग लावायची, हा गुन्हा होतो. एवढ्या लोकांपुढे तुमी कबूल करताय. जरा विचार करून बोला."

मॅडम घाबरल्या. चितारीलाही वाटलं, झालं, म्हातारी गप्प बसली. त्यांना काय ठाऊक! पाड्यावर ज्याला ज्याला जंगलखात्यानं त्या काळी पकडलं, त्याच्याकडे गुन्ह्याची पावती होती, आणि ती पावती दाखवूनच त्यांना पट्टे मिळाले. शेत करताना सरकारनंच पकडलं, याहून मोठा पुरावा कुठला? धाऊ तेवढा कधी सापडला नाही. गार्डाला वाटेतच राम राम घालून, काकड्या देऊन, गोड बोलून सुटला. भल्या माणसाच्या नावावर गुन्हा नाही, म्हणून त्याच्या बायकोच्या नावावर जमीन नाही.

काशीनं पदर कमरेला खोचला. "गुन्हा कबूल," ती म्हणाली. "लिही. दोन हजार चार साल घाल. धाऊचं नाव घाल, तो मेलाय, त्याला काय बेड्या ठोकशील? माझंपण घाल. शेण मी टाकलं, काडी मी लावली. लिही ना! पेन नाय तुज्याकडं?"

सुनिलनं खिशाला हात लावला आणि काढून घेतला. "वीस वर्षांमागचा गुन्हा आज लिहिता येत नाय, काकी."

"मंग पुरावा नाय, हे कसं लिहिता आलं रे तुला?"

हरेशनं तेवढ्यात पिशवीतून समितीचं रजिस्टर काढलं. "गुन्हा नको. जबाब लिहू. चित्रकार साहेबांचा."

चितारी हात झटकायला लागला. "हे बघा, हे चित्र आहे, कोर्टाचा कागद नाही. कलाकार थोडं इकडचं तिकडे करतोच. झाडं मी कदाचित मनानंही..."

"मनानं?" रुचिता मॅडम पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या. "सर, तुम्ही आम्हाला सहीनिशी लिहून दिलंय, की सगळं जागेवर बसून जसंच्या तसं काढलंय. त्याच्यावर आमच्या समितीनं हे चित्र घेतलं. झाडं खरी आहेत की नाहीत?"

आता कसा सापडला! झाडं खरी म्हणावीत तर शेत खरं. खोटी म्हणावीत तर काचेच्या पेटीतलं चित्र खोटं. त्यानं उपरणं गळ्यातून काढून हातात घेतलं. मग म्हणाला, "खरी आहेत."

हरेशनं लिहायला घेतलं. काशी शेजारी उभी राहून सांगत होती आणि मधूनमधून त्याच्या डोक्यात टपली मारत होती. "नीट काढ अक्षर. कलेक्टर वाचणार हाय." लिहून झालं, मॅडमनं साक्षीदार म्हणून सही केली आणि संग्रहालयाच्या कागदावर चित्राची तारीख लिहून द्यायचं कबूल केलं. सुनिल वनपाल तोवर चहा न घेता निघून गेला होता.

चितारी सही करायला वाकला तेव्हा काशीनं रजिस्टरावर तळवा ठेवला.

"आधी वाच. त्या माइकवर वाच."

"मावशी, सही करतोय ना मी..."

"इथं माणूस नव्हता, हे माइकवर बोललास. हे कसं कानात सांगतोस?"

त्यानं माइक घेतला आणि वाचायला सुरुवात केली, की मे दोन हजार चारमध्ये आपण ह्या चर्चच्या मागे कैलासवासी धाऊ यांच्या शेतात, त्यांच्या बांधावर बसून चित्र काढलं. शेतात राब भाजलेला होता. बांधावरच्या नऊ ऐनांचा कवळ धाऊ यांनी तोडलेला होता. शेताला वई होती आणि राखणीचा माळा होता.

इथे त्यानं माइक तोंडापासून लांब नेला.

"पुढं," काशी म्हणाली. "मोठ्यानं."

"माळा आणि वई चित्राच्या मधे येत होती," चितारीनं वाचलं, "म्हणून माझ्या सांगण्यावरून धाऊ यांनी ती स्वतःच्या हातानं काढली."

त्यानं माइक खाली ठेवला, सही केली आणि काशीपुढे हात जोडले. "मावशी, खरंच सॉरी."

काशीनं रजिस्टर मिटून काखेत मारलं. तिचे डोळे भरून आले होते आणि तिनं ते पुसले नाहीत.

"मला काय करायचंय तुझं सॉरी? ज्याला बोलायचं तो मेला," ती म्हणाली. "हऱ्या, उद्या अपील द्यायला कचेरी उघडायच्या आधी शहापुरात पोचायचं. आज रातच्याला माझ्याकडंच झोप, नायतर उठायचा नाय तू."